खाडीत सोडलेली पानं

नीलमच्या घरात कुठलीच गोष्ट कधी संपत नसे. तांदळाच्या डब्याचा तळ दिसला तरी तांदूळ ‘आणायला झाले’ असत. दिवा विझत नसे, शांत होई. बांगडी पिचली तर ती वाढवली जाई, आणि कामाला निघालेला माणूस ‘जातो’ म्हणत नसे, ‘येतो’ म्हणे. मराठी घरांतून हे थोडंफार सगळीकडेच असतं. पण भाईंदर पूर्वेच्या त्या दोन खोल्यांत त्याचा कायदा झाला होता, आणि तो राबवणारे होते हरिभाऊ, म्हणजे नीलमचे यजमान हरिश्चंद्र. वास्तू सतत तथास्तु म्हणत असते, ही त्यांची पक्की समजूत. भिंतींना कान असतात एवढंच लोक सांगतात; हरिभाऊंच्या मते त्यांना तोंडही होतं, आणि त्या तोंडाला एकच शब्द येत होता.

त्यांचा एकुलता मुलगा अथर्व पाचवीत असताना गणिताच्या पेपरला निघता निघता “मी नापास होणार” असं बोलून गेला. हरिभाऊंनी त्याला दप्तरासकट उंबऱ्याबाहेर काढलं, पुन्हा आत आणलं आणि “मी चांगल्या मार्कांनी पास होणार” असं मोठ्याने म्हणायला लावलं. रिक्षा चुकेल म्हणून पोरगं रडकुंडीला आलं. पास झालं ते काठावर, पण हरिभाऊ पुढे आठवडाभर भिंतींकडे कौतुकाने बघत होते. नीलम हसायची. हसता हसता तिलाही ती सवय लागली, आणि मग कधीतरी तिचाही त्यावर विश्वास बसला. संसारात असंच होतं.

गिरगावातली चाळीतली खोली सोडून ती दोघं इकडे आली तेव्हा खिडकीतून मिठागरं दिसायची. आता समोरच्या सोसायटीचे टॉवेल दिसतात. हरिभाऊ अंधेरीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते, आणि रेघ सरळ यावी यापलीकडे त्यांचं आयुष्याकडे फारसं मागणं नव्हतं. नीलम घर बघायची, ब्लाउज शिवायची आणि दुपारची समोरच्या दारातल्या हिनाबेनकडे जाऊन बसायची. हिनाबेनच्या नवऱ्याचं कपड्याचं दुकान होतं आणि तिला स्वतःला टॅरोची पानं काढायचा नाद होता. पत्त्यांसारखाच कॅट, पण पानं मोठी आणि प्रत्येकावर चित्र. तिची आवडती मांडणी राशीचक्राची होती. बारा पानं गोलात ठेवायची, एकेका घरावर एकेक, आणि घराचा अर्थ पानाच्या अर्थाशी जुळवून सांगायचं.

नीलमने ती मांडणी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला माहेरची आठवण झाली. तिचे वडील हौशी ज्योतिषी होते. तनु, धन, सहज, सुख अशी बारा स्थानं तिने पाढ्यांबरोबर पाठ केली होती आणि त्यांचा आजवर कोणाला काही उपयोग झाला नव्हता. ती हिनाबेनला म्हणाली, ये तो हमारी पत्रिकाच है. तिथून तिने ती विद्या उचलली, आणि तिच्यात वडिलांचं इतकं मिसळलं की शेवटी ती हिनाबेनची राहिली नाही. गोल तिला पटेना. पत्रिका म्हणजे चौकोन, आणि प्रथम स्थान वर मधोमध. मग हरिभाऊंनी एका सागवानी पाटावर तिला पिवळ्या ऑइलपेंटने कुंडली आखून दिली. टी-स्क्वेअर लावून आखली. अष्टम स्थानाच्या कोपऱ्यात रंग जरासा ओघळला तेव्हा त्यांनी तो ब्लेडने खरवडून रेघ परत आखली.

पुढे हिनाबेनच्या नवऱ्याने दुकान सुरतेला हलवलं. जाताना तिने आपला जुना कॅट नीलमला दिला आणि एक ताकीद दिली. “नीलमबेन, अपने लिए कभी मत निकालना. दूसरे का पत्ता आँख पढ़ती है, अपना पत्ता डर पढ़ता है.” नीलमने ती पाळली. स्वतःसाठी विचारायची तिला वेळही आली नव्हती.

लोक मात्र येऊ लागले. सोसायटीतल्या बायका, ब्युटी पार्लरच्या मुली, लग्नाचं जमत नसलेली पोरं. बाजारात मासे घेता घेता ओळख झालेल्या मोरवा, तारोडी या जवळच्या गावांतल्या कोळणीही येत. नीलम पाट मांडायची, पानं पिसायची, आणि एकदम आवाज मऊ करायची. तो आवाज तिने घडवला नव्हता, तो आपोआप लागायचा. घाबरलेल्या माणसाशी बोलताना कोणालाही लागतो तसाच.

घोळ सुरू झाला तो तारोडीच्या जिजाबाईपासून. बाई धडधाकट, आवाज धक्क्यावरून बोटीपर्यंत पोचेल असा. तिचा परेश बोटीवर जायचा, आणि त्याच्या लग्नाचं विचारायला ती आली होती. पाचव्या स्थानी, म्हणजे मुलाच्याच घरात, पान आलं ते पांढऱ्या घोड्यावर बसलेल्या सांगाड्याचं. त्या पानाचा अर्थ मरण नव्हे, बदल, जुनं जाऊन नवं येणं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. नीलमने ते सांगायला तोंड उघडलं तोवर जिजाबाईने पाटच उलटा केला होता.

“बाय, ह्यो मढा कशाला काडलास? माजा पोर दर्यान हाय.”

परेश दुसऱ्या दिवशी बोट भरून पापलेट घेऊन आला. पण मधल्या रात्री जिजाबाईच्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि तिने फोन करकरून नीलमचाही लागू दिला नाही. सकाळी हरिभाऊ चहा पिता पिता म्हणाले, की पुस्तकात काय लिहिलंय ते वास्तूला वाचता येत नाही, तिला चित्र दिसतं. ते पान काढून टाक. नीलमने काढलं.

एकदा काढायची सवय लागली की हात थांबत नाही. काळजात घुसलेल्या तीन तलवारी निघाल्या. वीज पडून कोसळणारा मनोरा निघाला. पाठीत दहा तलवारी रुतलेला माणूस, अंथरुणात उठून बसून रडणारी बाई, सांडलेल्या प्याल्यांपुढे उभा असलेला काळ्या झग्यातला माणूस, सैतान, सगळे एकेक करून गेले. पण टाकायची कुठे? खंडेनवमीला नीलम कॅटला हळदकुंकू लावून झेंडू वाहत असे. पूजा झालेली वस्तू कचऱ्यात जात नाही. मग एका गणपतीच्या विसर्जनाला हरिभाऊंनी निर्माल्याच्या पिशवीत ती पानं घातली आणि जेट्टीवर जाऊन खाडीत सोडली. घरी येऊन हसत सांगितलं, की बाकीची बुडाली, पण तो घोडेवाला बराच वेळ तरंगत होता.

कॅटमध्ये उरलं ते गोड. सूर्य, तारा, भरलेले प्याले, फुलांचे मांडव, आणि मधूनमधून एखादा रुसलेला राजा. येणारी माणसं वाढली. रडत आलेली डोळे पुसून जायची. आपण खोटं सांगतो असं नीलमला कधी वाटलं नाही. जे पान येईल तेच ती सांगत होती. वाईट पान येतच नव्हतं त्याला तिने काय करायचं? वकिलाला शोभावं असं हे उत्तर होतं. ते देणाऱ्या बाईने मात्र आयुष्यात कोणाचं मुद्दाम वाईट केलं नव्हतं.

हरिभाऊ निवृत्त झाले. सकाळी फेरी, दुपारी झोप, संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर रेघा कशा वाकड्या झाल्यात याची चर्चा. आणि या पावसाळ्यानंतरच्या एका सकाळी दाढी करता करता ते आरशासमोरून खाली आले. मेंदूत रक्तस्राव. वॉचमन आणि शेजारचे दोघे यांनी चादरीत घालून त्यांना खाली नेलं. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. नीलम मागोमाग जिना उतरली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की हे आज घरातून निघाले आणि ‘येतो’ म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

हॉस्पिटलात मग ते नुसते पडून राहिले. तोंडात नळी, नळीला मशीन. डोळे कधी अर्धवट उघडायचे, पण त्यात कोणी नसे. अथर्व पुण्याहून नोकरी टाकून आला. आई दिवसा, तो रात्री. नीलम भेटीच्या वेळेत त्यांच्या कानाशी बोलायची. समोरच्यांनी पुन्हा गाडी आपल्या जागेत लावलीय, आज घोळाची भाजी आणलीय. निघताना “येते हं” म्हणायची. उत्तरादाखल मशीनचा आवाज यायचा.

तिसरा आठवडा लागला तेव्हा डॉक्टरांनी दोघांना केबिनमध्ये बसवलं. तरुण होते, बोलायला चांगले होते. त्यांनी सांगितलं, की मेंदूचं नुकसान भरून येणारं नाही. हरिभाऊ जागे होणार नाहीत, ओळखणार नाहीत. तोंडातली नळी याहून जास्त दिवस ठेवता येत नाही. आता गळ्याला छेद देऊन तिथे नळी बसवायची, म्हणजे ते आहेत तसे राहतील, काही महिने, कदाचित त्याहून अधिक. किंवा मग ती बसवायची नाही आणि पुढे नवीन काही करायचं नाही. त्रास होणार नाही एवढं बघायचं. तसं ठरलं तर थोडेच दिवस. घरच्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत काय ते सांगावं.

बाहेर बाकावर अथर्व बुटांकडे बघत बसला. मग म्हणाला, “आई, तू सांग. तू सांगशील ते करू. मला नाही जमत हे.”

तेहतिशीचा मुलगा, पुण्यात दहा माणसं हाताखाली. पण त्या क्षणी तो दप्तर घेऊन उंबऱ्यावर उभा असलेला पोरगाच होता. नीलमला त्याचा राग आला नाही. आपल्याला कोणी सांगेल का, एवढंच तिच्या मनात आलं. एवढी माणसं तिच्याकडे विचारायला येत होती, आणि तिला विचारायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अथर्व रात्रीच्या जागरणाने दिवाणावर आडवा झाला होता. सकाळची भेटीची वेळ आटोपून आलेल्या नीलमने आतल्या खोलीत पाट मांडला. हिनाबेनची ताकीद आठवली, आणि आठवूनही तिने कॅट हातात घेतला. प्रश्न मनात स्पष्ट धरायचा असतो. ती इतरांना तसं बजावायची. पण स्वतःचा प्रश्न तिला धरता येईना. ‘यांना ठेवू की’ इथपर्यंत तो यायचा आणि पुढचा शब्द या घरात नव्हताच. शेवटी तिने नुसतं ‘काय करू’ एवढंच विचारलं आणि पानं लावली.

प्रथम स्थानी राणी. चौथ्यात, घराच्या जागी, फुलांचा मांडव. सहावं स्थान आजाराचं; तिथे सिंहाच्या जबड्यावर हात ठेवून उभी असलेली बाई, म्हणजे ताकद. सातव्यात, नवऱ्याच्या घरात, एकमेकांपुढे प्याले धरलेली दोन माणसं. तिथे तिचे डोळे भरले. आणि आठव्यात, जे मृत्यूचं स्थान, पण ती लोकांना आयुष्याचं म्हणून सांगायची, तिथे सूर्य. घोड्यावर बसलेलं उघडं पोर, मागे सूर्यफुलं. ब्लेडने खरवडलेल्या त्या कोपऱ्यात ते पान झळकत होतं. समोर दुसरी कोणी बाई बसलेली असती तर नीलमने तिचा हात दाबून सांगितलं असतं, बसवा नळी, उठून बसतील, सूर्य आलाय.

क्षणभर तिचा त्यावर विश्वास बसलासुद्धा. एवढा आनंद तिला त्या तीन आठवड्यांत झाला नव्हता. अथर्वला उठवायला ती अर्धी उभीही राहिली.

मग ती परत खाली बसली. तिने पानं गोळा केली, पुन्हा पिसली, पुन्हा मांडली. आता आठव्यात तारा आला. तिसऱ्यांदा मांडली, आणि आठव्यात भरलेले नऊ प्याले घेऊन बसलेला एक जाडा खुशालचेंडू आला. नीलम त्याच्याकडे बघत राहिली. या कॅटला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. तिनेच त्याची जीभ काढून घेतली होती आणि हरिभाऊंनी ती खाडीत सोडली होती. आज तिला तो घोडेवाला सांगाडा हवा होता. तो आला असता तर तिने मान खाली घातली असती. तो न येणं तिला त्याच्या येण्याहून भयंकर वाटलं, कारण तो यायचाच नव्हता. किती बायकांना आपण या पाटावरून घरी पाठवलं, कशावर विसंबून पाठवलं, हे तिला त्या दुपारी एकदम दिसलं.

तिने सुरतेला फोन लावला. हिनाबेनला हरिभाऊंचं माहीत होतं, ती दर दोन दिवसांनी चौकशी करत होती. नीलमने तिला विचारलं, तुमच्याकडचा कॅट पूर्ण आहे ना? हिनाबेन म्हणाली, हो, पूर्ण. एकही पान काढलेलं नाही? नाही, एकही नाही. मग माझ्यासाठी बारा घरांची मांडणी करा, नीलम म्हणाली, आणि जे येईल ते सांगा. आतासुद्धा तिने प्रश्न पुरता सांगितला नाही. डॉक्टर काय म्हणाले तेवढं सांगितलं. हिनाबेनला कळायला तेवढं पुरेसं होतं.

फोन सुरूच होता. पिसलेल्या पानांची फडफड ऐकू आली. मग टेबलावर एकेक पान ठेवल्याचा आवाज. नीलम मनातल्या मनात स्थानं म्हणत गेली. तनु. धन. सहज. सुख. सातव्यापर्यंत हात बेताने चालला होता. आठवं पान ठेवल्याचा आवाज आला आणि नंतर काहीच आलं नाही. खाली कुठेतरी भाजीवाल्याची गाडी ओरडत होती, ती सुरतेची की भाईंदरची तेही कळेना. मग उरलेली पानं भराभर पडली.

“बहुत अच्छा आया है, नीलमबेन,” हिनाबेन म्हणाली. “चिंता मत करो.”

आवाज मऊ झाला होता. नीलमने तो ओळखला. तो तिचाच आवाज होता, पाटासमोर बसल्यावर आपोआप लागणारा. तो ऐकून लोकांना बरं कसं वाटत असेल याचं तिला नवल वाटलं. बहुतेक त्यांना तो ओळखीचा नसेल.

“आठवे घर में क्या आया?”

“आठवे में... सूरज आया है.”

“फोटो भेजो ना.”

हिनाबेन म्हणाली की नेट नीट चालत नाहीये. मग जरा वेळाने म्हणाली, “आप कुछ खा लो, नीलमबेन.” नीलमने हो म्हटलं, अथर्व उठतोय असं सांगितलं आणि फोन ठेवला. तिला हिनाबेनचा राग आला नाही. मैत्रिणीने तिच्यावर माया केली होती. पण अशी माया करणारी माणसंच आता सगळीकडे उरली होती, आणि खरं सांगणारं एकही पान जगात कुठे शिल्लक नव्हतं.

उन्हं उतरली. अथर्वने उठून तोंड धुतलं आणि काही न विचारता शर्ट घातला. डॉक्टर साताला भेटणार होते. नीलम देव्हाऱ्यापाशी गेली आणि तिने दिवा लावला. तिन्हीसांजेला तर बोलताना फारच सांभाळायचं, असा हरिभाऊंचा नियम होता. तेव्हा वास्तू अगदी दारात उभी असते म्हणे. नीलमने हात जोडले. शुभं करोति तोंडात आलं ते तिने गिळलं. बाहेर जिन्यात जाऊन बोलावं, रस्त्यावर जाऊन बोलावं, हॉस्पिटलच्या भिंतींना काय, त्यांना सवय असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण हे घर त्यांचं होतं. जे बोलायचं ते इथेच बोलायला हवं होतं, चोरून नव्हे.

“यांना आता जाऊ दे,” ती म्हणाली.

अथर्व मागे दारात उभा होता. त्याने ते ऐकलं. घराचा कायदा त्याला पाठ होता, त्यामुळे आईने काय केलं ते त्याला बरोबर कळलं. त्याने तिला धरलं आणि ती दोघं तशीच उभी राहिली. घर काही बोललं नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली, शेजारच्या कुकरने शिटी दिली.

साताला नीलमने डॉक्टरांना सांगितलं की नळी बसवायची नाही. तेवढं बोलायला तिला काहीच लागलं नाही, घरातलं बोलून झाल्यावर हे सोपं होतं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही योग्य तेच ठरवलंत. त्यांचाही आवाज मऊ होता. नीलमने मान वळवली.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. हरिभाऊंना त्रास नव्हता, निदान तसं सगळे सांगत होते. पण नीलमला पहिल्याच रात्री वाटलं की आपण नवऱ्याला मारलं. डॉक्टरांना नाही म्हटल्याचं तिला तेवढं लागलं नाही. देव्हाऱ्यासमोर बोलली त्याचं लागलं. ते शब्द परत घ्यावेत म्हणून ती तडफडू लागली. सकाळी अथर्व हॉस्पिटलात असताना ती चपला घालून दाराबाहेर जायची, जिन्यात क्षणभर उभी राहायची, उंबरा ओलांडून आत यायची आणि मोठ्याने म्हणायची, “हे बरे होऊन घरी येणार आहेत.” एकदा म्हणून समाधान व्हायचं नाही. मग पुन्हा बाहेर, पुन्हा आत. समोरच्या दारात आता एक नवं जोडपं राहत होतं. त्यातल्या मुलीने एकदा दार उघडून, आंटी, कुछ चाहिए क्या, म्हणून विचारलं. नीलम म्हणाली, काही नाही, चावी विसरले होते.

वास्तूने तिचं चांगलं बोलणं काही ऐकलं नाही. वाईट मात्र एकदाच बोललेलं ऐकलं. आयुष्यभर ज्या घरात एकही अशुभ शब्द शिरू दिला नाही, त्याने इतक्या वर्षांची परतफेड अशी करावी, हे तिला सहन होत नव्हतं. पाट तिने भिंतीकडे तोंड करून उभा ठेवला होता. जिजाबाई एकदा हरिभाऊंचं कळलं म्हणून सुकट घेऊन आली, बसली, डोळे पुसले, आणि जाता जाता पाटाकडे बघून म्हणाली, “बाय, तुजी पाना काय बोलतान? बरा बोलतान ना?” नीलम हो म्हणाली. तिच्याने दुसरं काही बोलवलं नाही. जिजाबाईला बरं वाटलं आणि ती गेली.

त्या आठवड्याच्या शेवटी, सकाळी, नीलम डबा भरत होती. अथर्व आंघोळ करून नुकताच बाहेर आला होता. त्याचा फोन वाजला. त्याने कानाला लावला, हो म्हणाला, मी त्यांचा मुलगा बोलतोय म्हणाला, आणि मग नुसता ऐकत राहिला. फोन ठेवल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात आला. केसांतून पाणी गळत होतं.

“आई,” तो म्हणाला. “आई, बाबा...”

आणि तिथेच अडकला. पुढचा शब्द तो शोधत होता. या घरात तो कधी कोणी उच्चारला नव्हता, त्यामुळे त्याला सापडत नव्हता. त्याने एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे पाहिलं. नीलमने डब्याचं झाकण लावलं, खटके बसवले आणि डबा ओट्यावर ठेवला.

“गेले म्हण,” ती म्हणाली. “आता म्हटलं तरी चालेल.”